पाण्याला शीग नसते

तेलाच्या पिशवीची मागची बाजू बघा. ‘१ लिटर’ लिहिलेलं असतं आणि त्याच्या शेजारीच ‘९१० ग्रॅम’. दोन्ही आकडे खरे, दोन्ही कायमचे. तांदळाच्या पिशवीवर मात्र लिटर शोधून सापडायचा नाही. तेल हळू ओता, धबाधबा ओता, भांडं आपटा, त्याचा लिटर लिटरच राहतो. तांदळाचं तसं नाही. एकाच डब्यातून, एकाच वाटीने सासूने काढलेला तांदूळ आणि सुनेने काढलेला तांदूळ यांत वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि दोघींनीही वाटी ‘भरून’च घेतलेली असते.

मुंबईत तांदूळ घरात येतो किलोने आणि शिजतो वाटीने. वाण्याकडे आपण दोन किलो कोलम मागतो, रेशनच्या दुकानातही तो तोलूनच मिळतो, पण ओट्यापाशी आल्यावर काटा कुणी काढत नाही. डब्यात एक जुनी वाटी पडलेली असते, बहुधा जिच्या बाकीच्या पाच बहिणी कुठे गेल्या ते कुणाला आठवत नाही अशी. या वाटीबद्दल मला आदर आहे. रोजच्या भाताला ग्रॅम-मिलिलिटरची गरजच नसते, कारण ज्या वाटीने तांदूळ त्याच वाटीने पाणी घेतलं की वाटी केवढी आहे याला काही अर्थ उरत नाही. एकास दोन म्हणजे एकास दोन. भात बिघडतो तो वेस ओलांडताना: किलोच्या वाट्या करताना, परक्या पाककृतीतला कप आपल्या वाटीत बसवताना, चौघांच्या भाताचा चाळीस जणांचा भात करताना.

आधी वाटीत नेमकं असतं काय ते बघू. एक वाटी कोरडा तांदूळ सपाट भरून काचेच्या उभ्या ग्लासात ओता. त्यावर त्याच वाटीने एक वाटी पाणी घाला. एक आणि एक दोन वाट्या व्हायला हव्यात, पण पाणी दीड वाटीच्या जरा वर येऊन थांबतं. उरलेलं पाणी दाण्यांच्या मधल्या फटींत गेलेलं असतं. तांदळाचा दाणा स्वतः पाण्यापेक्षा जड आहे. घट्ट तांदळाचा एक मिलिलिटर साधारण १.४५ ग्रॅम भरतो, म्हणून तर तो तळाशी बसतो. पण वाटीत सैल पडलेला तांदूळ मिलिलिटरला ०.८ ग्रॅमच्या आसपासच भरतो. म्हणजे तांदळाने ‘भरलेल्या’ वाटीत शंभरातले पंचावन्न भाग तांदूळ आणि पंचेचाळीस भाग हवा. पैसे वजनाचे देतो म्हणून बरं.

ही हवा कमी-जास्त होते तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. डब्यात वाटी खुपसून भरली की दाणे दाबले जातात. वरून ओघळत भरली की सैल पडतात. भरून झाल्यावर ओट्यावर दोनदा ठोकली की तांदूळ खाली बसतो आणि आणखी मूठभर मावतो. सैल आणि ठोकलेली यांत शंभराला पाच ते दहाचा फरक असतो. एकट्या वाटीला तो कळतही नाही, पण आठ वाट्यांना पाऊण वाटीपर्यंत जातो.

यापेक्षा मोठा घोटाळा काठाच्या वर होतो. धान्याच्या मापावर काठाबाहेर जो डोंगर राहतो त्याला शीग म्हणतात. ‘शिगोशीग भरलं’, ‘उत्साह शिगेला पोचला’ हे आपण रोज बोलतो, पण ही शीग खळ्यावरच्या मापाची आहे हे विसरलेलो असतो. तिचं गणित करून बघण्यासारखं आहे. तांदळाचा ढीग आपोआप साधारण तीस अंशांच्या उतारावर स्थिरावतो, त्याहून उभा राहत नाही. स्टीलच्या नेहमीच्या वाटीचं तोंड नऊ सेंटिमीटर धरलं तर तिच्यावरची शीग अडीच सेंटिमीटरच्या आसपास उंच होते आणि तिच्यात पंचावन्न मिलिलिटर तांदूळ मावतो. वाटी स्वतः दीडशे मिलिलिटरची! म्हणजे सपाट वाटीत सव्वाशे ग्रॅम आणि शिगेच्या वाटीत एकशे सत्तर. तोच तांदूळ सहा सेंटिमीटर तोंडाच्या उभ्या पेल्याने घेतला तर शीग जेमतेम सोळा-सतरा मिलिलिटरची राहते. तोंड दीडपट रुंद झालं की शीग तिप्पट-साडेतिप्पट होते. तेव्हा मापायला उभट भांडं घ्यावं. पसरट वाटी वाढायला चांगली, मापायला वाईट.

आणि पाण्याला शीग नसते. भात कोरडा का झाला याचं कारण शोधताना लोक गॅस, शिट्ट्या, तांदळाचा दुकानदार अशा सगळ्यांवर संशय घेतात, पण खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. दोन वाट्या तांदूळ शीग लावून घेतला, चार वाट्या पाणी काठोकाठ घेतलं. मनात प्रमाण एकास दोन, पातेल्यात एकास दीडच्याही आत. तांदूळ घेताना वाटीवरून बोट किंवा चमच्याची दांडी फिरवून तो सपाट करायची सवय लावली तर अर्धे बिघाड मिटतात. दांडीच का, हाताचा तळवा का नाही? तळव्याने दाब पडतो आणि तांदूळ बसतो.

जुन्या मापांच्या कोष्टकांत हा सगळा खेळ उघड्यावर होता. देशावर दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. मुंबईच्या जुन्या कोष्टकात दोन टिपऱ्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा फरा, आठ फऱ्यांची खंडी. सगळी उतरंड निम्मे-निम्मे करत जाणारी, कारण निम्मं करायला काटा लागत नाही. पण शेर हा शब्द मापाचाही आणि वजनाचाही. मुंबईचा वजनी शेर अठ्ठावीस तोळ्यांचा, म्हणजे आजचे सव्वातीनशे ग्रॅम. सरकारी शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्यामुळे जुन्या वहीतली ‘तांदूळ एक शेर’ ही नोंद वाचून लगेच पातेलं चढवू नये. शेर वजनी की मापी, मुंबईचा की सरकारी, हे आधी ठरवायला लागतं. ‘पायली म्हणजे किती किलो’ या प्रश्नाचंही तेच: कुठली पायली आणि कशाची पायली, हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही. तांदळाची पायली आणि त्याच मापाने घेतलेली पोह्यांची पायली यांच्या वजनात दुपटीहून जास्त अंतर असतं. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि दुकानातून पायली-शेर गेले. स्वयंपाकघरापुरता मात्र हा कायदा लागू झालेला दिसत नाही. नववधू उंबरठ्यावर माप ओलांडते त्या मापात आजही तांदूळच असतो, आणि तो किती ग्रॅम आहे हे कुणी विचारत नाही, हे योग्यच आहे.

आता आपल्या वाटीचा आकडा काढायचा. ‘वाटी’ नावाखाली मुंबईच्या घरांत शंभर मिलिलिटरपासून अडीचशेपर्यंत काहीही फिरत असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या वाटीचा आकडा आपल्या कामाचा नाही. डिजिटल काटा सपाट ओट्यावर ठेवा. टाइल डगमगती असेल तर आकडा डगमगतो. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. वाटी पाण्याने काठोकाठ भरा. जितके ग्रॅम दिसतील तितकी मिलिलिटरची वाटी; पाण्याच्या बाबतीत ग्रॅम आणि मिलिलिटर एकच धरायला हरकत नाही. मग वाटी पुसून कोरडी करायची, खरोखर कोरडी, कारण कडेला चिकटलेले दाणे सपाट करताना ओढले जातात. आपला नेहमीचा तांदूळ नेहमीच्याच हाताने भरा, सपाट करा, तोला. असं तीनदा करा आणि मधला आकडा धरा. तिन्ही आकड्यांत पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक येत असेल तर दोष काट्यात नाही, भरण्याच्या पद्धतीत आहे.

दीडशे मिलिलिटरच्या वाटीला, सैल भरून सपाट केल्यावर, बारीक कोलम साधारण १२३ ते १२५ ग्रॅम भरतो. आंबेमोहराचा दाणा आखूड, तो जरा जवळ बसतो, १२५ ते १२८. लांब दाण्याचा बासमती एकमेकांवर आडवा-तिडवा पडतो, मधे फटी जास्त ठेवतो, म्हणून ११५ ते ११८. उकडा साधारण बासमतीच्याच जवळपास. कणी सगळ्यांत जड, १३०च्या आसपास, कारण तुकडे फटींत शिरतात. इंद्रायणी, म्हणजे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला आंबेमोहराच्या वंशातला तांदूळ, कोलमाच्याच पंगतीत बसतो. वाड्याच्या कोलमाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानातल्या प्रत्येक ‘वाडा कोलम’ पाटीमागे वाडा असतोच असं नाही, पण वाटीचा आकडा त्याने फारसा बदलत नाही. दोन-चार ग्रॅम इकडे-तिकडे होतील. एकंदरीत किलोभर कोलमाच्या दीडशेच्या वाटीने आठ वाट्या, आणि किलो कोलम म्हणजे १.२ लिटर. बासमतीच्या साडेआठ वाट्या. या दोन आकड्यांवर घरातलं नव्वद टक्के काम भागतं.

उरलेल्या दहा टक्क्यांत पाणी येतं, आणि तिथे जाणकारही फसतात.

घरात एकास दोन वाटीचा भात छान होतो. सत्यनारायणाला तीस माणसं आहेत, तीन किलो तांदूळ आहे. कुणीतरी सांगतं, किलोला दोन लिटर, एकास दोन. ऐकायला तेच प्रमाण वाटतं, पण ते तेच नाही. एक किलो तांदूळ म्हणजे १.२ लिटर, त्याच्या दुप्पट पाणी २.४ लिटर. वाटीचं ‘एकास दोन’ वजनात ‘एकास दोन पूर्णांक चार’ होतं. म्हणजे किलोला दोन लिटर सांगणारा किलोमागे चारशे मिलिलिटर पाणी कमी सांगतो आहे. तरीही त्याचा भात कच्चा राहत नाही, उलट घरचं प्रमाण जसंच्या तसं वाढवणाऱ्याचाच भात गिचका होतो. असं का?

उघड्या पातेल्यातल्या पाण्याच्या दोन वाटा असतात. एक दाण्यात जाते, एक वाफेत. मोकळ्या भाताला तांदूळ स्वतःच्या वजनाच्या दीडपट पाणी पितो, मग एक वाटी असो की पन्नास. सव्वाशे ग्रॅमला हे झालं एकशे नव्वद मिलिलिटर. तीनशे मिलिलिटर पाणी घातलं होतं, तर उरलेलं शंभर-एकशे दहा पंधरा-अठरा मिनिटांत वाफ होऊन गेलं. आता आठ वाट्यांचा हिशेब करा. दाण्यात जाणारं पाणी आठपट होतं, दीड लिटर. पण वाफ आठपट होत नाही, कारण पातेल्याचं तोंड आठपट रुंद नसतं आणि भात आठपट वेळ शिजत नाही. झाकण नीट बसलं असेल तर तीनशे-चारशे मिलिलिटर जातं. एकूण झालं एक लिटर आठशे ते नऊशे. कोष्टकाने गुणाकार करणाऱ्याने २.४ लिटर ओतलेलं असतं, म्हणजे अर्धा लिटर जास्त. आणि ‘किलोला दोन लिटर’वाल्याचं चुकलेलं रूपांतर या वाफेच्या हिशेबाशी योगायोगाने जुळतं. मोठ्या स्वयंपाकाची माणसं त्याही खाली, पावणेदोन लिटरपर्यंत येतात आणि उकळतं पाणी जवळ ठेवतात; कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही.

कुकरमध्ये हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. आतल्या डब्यातून वाफ जातच नाही म्हटलं तरी चालेल, जाते ती बाहेरच्या पाण्याची. म्हणून कुकरच्या डब्यात एकास दोन घातलं की सगळंच पाणी तांदूळ पितो आणि वरणभाताचा मऊ भात होतो. पुलावासारखा मोकळा हवा असेल तर तिथे दीडच वाटी पुरते. आणि म्हणूनच कुकरचं प्रमाण दुप्पट-तिप्पट करताना सरळ गुणलं तरी चालतं. एका घरात दोन्ही पद्धती चालत असतील तर वहीत ‘एकास दोन’ एवढंच लिहून ठेवू नये, कशात ते लिहावं. कुकरच्या डब्यात तांदूळ फुगायला जागाही लागते: कोरड्या तांदळाच्या चौपट मावेल असा डबा असावा. एक वाटी तांदळाचा भात साडेचारशेच्या डब्यात बसवला की पहिल्या शिट्टीलाच पेज बाहेर येऊन कुकरच्या पाण्यात पसरते आणि भात वरून कोरडा राहतो.

बोटाच्या पेराचं माप घराघरांत चालतं. तांदळावर पहिल्या पेराइतकं, म्हणजे अडीच सेंटिमीटर, पाणी. ही युक्ती खोटी नाही, पण ती एका पातेल्याशी बांधलेली आहे. सोळा सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात दोन वाट्या तांदूळ घातला तर वरच्या पेरात पाचशे मिलिलिटर आणि दाण्यांमधल्या फटींत एकशे पस्तीस मिळून सवासहाशेच्या जरा वर पाणी बसतं. एकास दोन, बिनचूक. त्याच पातेल्यात एकच वाटी घातली तर पेर तेवढंच, आणि प्रमाण जवळपास एकास पावणेचार: भात नाही, खिमट. चार वाट्या घातल्या तर एकास सव्वा-दीडच्या मधे, तोही कच्चा राहण्याच्या काठावर. आणि दोन वाट्या तांदूळ बावीस सेंटिमीटरच्या पसरट पातेल्यात घातला तर पेराएवढं पाणी एकास साडेतीन होऊन बसतं. आईच्या हाताने जमायचं आणि माझ्या हाताने जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी हाताआधी पातेलं बघावं. ते बहुधा आईच्या घरीच राहिलेलं असतं.

धुण्याबद्दल फार थोड्या जणांना शंका येते. तांदूळ तीनदा धुतला, पातेलं कलतं करून पाणी सोडलं, वरून पाणी दिसत नाही म्हणजे गेलं असं वाटतं. पण मघाचे शंभरातले पंचेचाळीस भाग आठवा. हवेची ती जागा आता पाण्याने घेतलेली असते. एका वाटीमागे चाळीस ते साठ मिलिलिटर, म्हणजे पाव वाटीच्या वर पाणी तळाशी दबून बसतं. त्यावर पुन्हा मोजून दोन वाट्या घातल्या की झाले सव्वादोन ते अडीच. चाळणीत पाच मिनिटं निथळला तर हा प्रश्न जवळपास सुटतो. निथळायचा नसेल तर रोज तेवढंच राहतं असं धरून पाणी कमी घ्यावं. त्यातही सातत्य असलं की पुरे.

भिजवलेल्या तांदळाचं माप तर घेऊच नये. अर्ध्या तासात तांदूळ स्वतःच्या वजनाच्या पाव ते तीन दशांश पाणी आत घेतो आणि फुगून वाटीचा सव्वा वाटी होतो. या सव्वा वाटीवर पाणी मोजलं तर दोनदा चूक झाली: माप वाढलं म्हणून पाणी वाढवलं आणि आधी प्यालेलं पाणी मोजलंच नाही. नियम साधा आहे, माप आणि वजन दोन्ही कोरड्या तांदळाचं. भिजवलेल्या बासमतीला कोरड्या मापाच्या दीडपट पाणी पुष्कळ झालं.

एक गोष्ट वाटीलाही कळत नाही आणि काट्यालाही: तांदळाचं वय. दिवाळीनंतर बाजारात येणारा नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि चिकटतो, वर्ष काढलेला जुना जास्त पितो आणि मोकळा होतो. नव्या इंद्रायणीला वाटीमागे पाव वाटी पाणी कमी करून बघावं. मुंबईच्या पावसाळ्यात तोंड उघडं राहिलेल्या पिशवीतला तांदूळ हवेतली ओल घेऊन किलोमागे दहा-वीस ग्रॅम जड होतो, पण भातात ते जाणवत नाही. जाणवतात ते पोरकिडे.

परक्या पाककृतीतला ‘कप’ तीन प्रकारचा असतो. अमेरिकेचा २४० मिलिलिटरच्या आसपासचा, मेट्रिक २५० चा आणि इलेक्ट्रिक राइस कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा १८० चा. हा तिसरा जपानच्या ‘गो’ या जुन्या मापावरून आलेला आहे. त्यात तिकडचा आखूड तांदूळ दीडशे ग्रॅम बसतो. राइस कुकरच्या भांड्यावर आतून १, २, ३ अशा पाण्याच्या रेघा असतात त्या या १८० च्या कपासाठी. तो कप हरवतो, नाहीतर डिटर्जंटच्या डब्यात जाऊन बसतो, आणि मग कुणी २४० च्या कपाने दोन कप तांदूळ घालून दोनच्या रेघेपर्यंत पाणी भरतं. तांदूळ एक-तृतीयांश जास्त, पाणी त्यामानाने कमी, भात कच्चा. मशीनला नावं ठेवण्याआधी कप शोधावा, किंवा १८० मिलिलिटर पाणी तोलून एखाद्या पेल्यावर खूण करावी.

तांदळाचं पीठ झालं की वजन-मापाचं नातं आणखी सैल होतं. मोदकाच्या उकडीचं प्रमाण सगळ्यांना तोंडपाठ असतं: वाटीला वाटी. ते मापाचं प्रमाण आहे, वजनाचं नाही, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी दादरहून अर्धा किलोचं मोदकपीठ आणणाऱ्याने ते विसरलं की घात होतो. दीडशेच्या वाटीत हलक्या हाताने भरलेलं पीठ ९५ ते १०० ग्रॅम बसतं, पाणी दीडशे. वजनात हे एकास दीडच्या वर गेलं. अर्धा किलो पिठाला अर्धा लिटर पाणी घातलं तर उकड कोरडी ठक्क होते, पारी करताना कडा फाटतात, कळ्या पाडताना तडे जातात आणि वाफेवर मोदक उकलतात. अर्धा किलो म्हणजे पाच वाट्यांच्या थोडं वर, त्याला पाऊण लिटर पाणी. उलट चूकही होते: पिशवीतलं पीठ वाटीत दाबून भरलं तर त्याच वाटीत ११५-१२० ग्रॅम जातं आणि ‘वाटीला वाटी’ पाळूनही उकड कोरडीच. पीठ आधी चाळावं, मग चमच्याने वाटीत टाकावं, न ठोकता सपाट करावं. इतकं करूनही पीठ जुनं-नवं, जाड-बारीक यात फरक राहतो, म्हणून उकड मळताना हाताशी गरम पाणी आणि तूप असतंच. ते हात सुटावा म्हणून नाही फक्त.

अनारशात तर वाटीने गूळ मोजणं म्हणजे संकटाला आमंत्रण. तीन दिवस भिजवून, कापडावर सुकवून, ओलसर असताना दळलेलं पीठ इतकं फुलतं की दीडशेच्या वाटीत सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमच राहतं, आणि किसलेला गूळ त्याच वाटीत शंभराच्या वर जातो. वाटीला वाटी घेतली की गूळ दीडपट झाला. मग अनारसा तुपात सोडला की हसतो, जाळी पडण्याऐवजी कढईभर पसरतो. इथे वजनच, आणि तेही भिजवण्याआधीच्या कोरड्या तांदळाचं. ओल्या पिठाच्या वजनात पाणी असतं, त्यावर गूळ धरला तर पुन्हा जास्त. तांदळाइतकाच किंवा थोडा कमी गूळ, असं जुनं प्रमाण आहे ते या कोरड्या तांदळाचं. मोदकाला वाटी चालते कारण पीठ कोरडं आणि पाणी वाहतं. अनारशात दोन्ही बाजू फुगणाऱ्या-दबणाऱ्या आहेत, म्हणून काटा.

डबे घेतानाही हाच हिशेब उपयोगी पडतो. दुकानदार ‘पाच किलोचा डबा’ म्हणतो तेव्हा तो काय भरून म्हणतो ते विचारावं. पाच किलो कोलमाला सहा लिटरची जागा लागते, बासमतीला जवळपास साडेसहा, वर हात घालायला मोकळी जागा वेगळी. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा सोळा-साडेसोळा लिटरचा असतो. धुऊन वाळवून त्यात तांदूळ भरला तर तेरा-साडेतेरा किलोवर तो भरतो. जाड पोहे दीडशेच्या वाटीत पन्नासेक ग्रॅम, कुरमुरे दहा-बारा. म्हणून किलोभर कुरमुरे आणायला गेलेला माणूस दोन्ही हातांत पिशव्या घेऊन लोकलमध्ये चढतो.

माणशी किती हा शेवटचा प्रश्न. एक सपाट वाटी तांदळाचा तीन वाट्या भात होतो, वजनात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. पोळीभाजी असेल तर त्यात दोघांचं होतं. पूर्ण पानाला, म्हणजे वरणभात, पोळी, गोड, सगळं असेल तर किलोला दहा पानं. नुसता मसालेभात आणि ताक असेल तर सहा-सात. मंडळाच्या महाप्रसादाला शंभर पानं धरली तर दहा किलो तांदूळ, तो बारा लिटर जागा घेतो, शिजून तीस लिटरच्या वर जातो, म्हणून पातेलं चाळीस लिटरच्या खाली नको. अन्नसुरक्षा कायद्यातलं माणशी महिना पाच किलो धान्य सगळंच तांदूळ धरलं तर आपल्या वाटीने चाळीस वाट्या, म्हणजे दिवसाला एक वाटी आणि वर तिसरा हिस्सा.

भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून देतात. डब्यातल्या वाटीवरही बहुधा कुणाचं तरी नाव आणि लग्नाची तारीख असते. नवीन वाटी घेतली तर नावाखाली दोन आकडे घालून घ्यावेत, वर १५०, खाली १२५. घालणारा विचारेल, हा कसला नंबर. त्याला कोलम सांगावं.